आक्कांचा उपास माझ्याकडे आला

मी मूळची पहूरची. जामनेर तालुक्यातलं पहूर, अजिंठ्याकडे जाणाऱ्या गाड्या चहाला थांबतात ते. वडील बैलगाडीवर कापूस वाहायचे, शेतातून जिनिंगला, आई निंदायला-वेचायला जायची, आमच्या घरात माझ्या आधी कोणी मॅट्रिकच्या पुढं गेलेलं नव्हतं आणि मी बीएस्सी झाले, केमिस्ट्री घेऊन, सेकंड क्लास. हे मी आधीच सांगून टाकते, कुठंही गेले तरी आधीच सांगते, आमचे हे हसतात, म्हणतात, हिला नाव विचारलं तरी पदवी सांगते. सांगते तर सांगते. सकाळची एसटी धरून जळगावला जायचं, प्रॅक्टिकल असलं की संध्याकाळच्या गाडीला उभं राहून यायचं, डब्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा, अशी वर्षं काढली मी, फुकट नाही मिळाली ती पदवी.

लग्न सावद्याला झालं. केळीवाल्यांचं घर, फार मोठं नाही पण खाऊनपिऊन सुखी. आता तुम्हाला एक गंमत सांगते. लग्नात रुखवत मांडतात ना, लाडू, शेवया, विणलेले रुमाल, तर आमच्या वडिलांनी काय केलं, माझ्या पदवीचा कागद जळगावहून काचेत बसवून आणला आणि रुखवताच्या मधोमध ठेवला, लाडवांच्या परातीशेजारी. बायका बघायला आल्या. माझ्या सासूबाई, त्यांना सगळं गाव आक्का म्हणतं, मीही आक्काच म्हणते, त्या पुढं झाल्या, चष्मा नव्हता तेव्हा, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, हे काय व, पोरीच्या बापानं फोटो द्यायचा तर देवाचा तरी द्यायचा. सगळ्या हसल्या. मी मान खाली घालून बसले होते पण कानात ते वाक्य असं जाऊन बसलं की अजून आहे.

आक्का तेव्हा अशा भरलेल्या होत्या. दोन हातांत केळीचे दोन घड उचलायच्या. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं टरफल कुणी आणून टाकलं तर अंगण दोनदा सारवायच्या. स्वैपाक विचारू नका, त्यांच्या वरण-बट्टीवर तूप असं असायचं की बट्टी पोहायची. आणि उपास. महिन्याच्या दोन एकादशा, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस घट बसवून. मला उपासाचं काही नव्हतं, आमच्या पहूरला कामाच्या घाईत कोण उपास धरतं, आणि मी तर सायन्सची. आक्का म्हणायच्या, तुले कागद आला, भूक सोसणं नाही आलं.

लग्नानंतर वर्षभरातच त्यांचं अंग उतरायला लागलं. आधी वाटलं उन्हाळा आहे. मग पावसाळा आला, गेला, तरी उतरतच. जेवल्या की पोटात कळ, ती सरळ पाठीत जायची, मग उशी पोटाशी धरून पुढं वाकून बसायच्या तासन्‌तास. खायच्या नाहीत असं नाही, खायच्या, दोन-दोन भाकरी खायच्या, तरी दंडाची चोळी आधी सैल झाली, मग मी ती उसवून आत घेतली, मग पुन्हा आत घेतली. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

आणि गावाला काय दिसणार? सून आली आणि सासू वाळली. एवढंच दिसणार. शेजारी कौसल्याकाकू होत्या, आहेत अजून, देव त्यांना आयुष्य देवो, तोंड मात्र असं चालतं. आडावर मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, शिकलेल्या सुना मापून वाढतात बाई, शास्त्रात लिहिलेलं असतं म्हणे किती वाढायचं ते. दुसरी म्हणाली, हातातलं काढून घेतलं असेल, चुलीची मालकी गेली की बाई खचतेच. काय सांगू तुम्हाला, मी भाकरी वाढताना दार उघडं ठेवायला लागले, येणाऱ्या-जाणाऱ्याला ताट दिसावं म्हणून. इतकी मी, बीएस्सी झालेली बाई, इतकी घाबरले होते.

एक दिवस वडील आले पहूरहून. असे न सांगता कधी यायचे नाहीत. पाणी प्यायले, नानांशी म्हणजे माझ्या सासऱ्यांशी केळीच्या भावाचं बोलले, मग मला म्हणाले, गोठ्याकडं चल, बैल बघू दे. तिथं उभं राहून म्हणाले, पोरी, खरं सांग, सासूला पोटभर देतीस ना? ज्या माणसानं माझी पदवी लाडवांच्या शेजारी ठेवली त्याला पहूरपर्यंत जाऊन कोणीतरी सांगितलं होतं की तुमची मुलगी सासूला उपाशी मारते. मी रडले नाही. म्हटलं, दादा, त्या खातात, माझ्यापेक्षा जास्त खातात, ते जातं कुठं तेवढं मला कळत नाही. ते म्हणाले, मंग कळून घे. तू शिकली कशाला.

तेच वाक्य घेऊन मी कामाला लागले. आता हे बोलायला लोक लाजतात पण मी नाही लाजत, आजार कळायचा तर हेच बघावं लागतं. तेव्हा घरात संडास नव्हता, बायका पहाटे मळ्याकडं जायच्या डबा घेऊन. मी आक्कांच्या मागं जायला लागले आणि एक दिवस बघितलं. पांढुरकं, ढीगभर, वर तेल तरंगल्यासारखं, आणि वास असा की मी नाकाला पदर लावून दुसरीकडं बघितलं. दिवसातून सहा-सहा वेळा. आक्कांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, नानांनाही नाही. मला म्हणाल्या, खबरदार कोणाजवळ बोलली तर. मी म्हटलं, आक्का, हे तुमचं तूप आहे, पोटात शिरून तसंच बाहेर येतंय. त्या म्हणाल्या, जाय, तुह्यं शास्त्र तुह्याजवळ ठेव.

मग सुरू झाले उपाय. गावातल्या वैद्यांनी नाडी बघून सांगितलं संग्रहणी आहे, ताकावर ठेवा, आणि खरं सांगायचं तर ताकावर ठेवलं तेव्हा बरं वाटलं, तूपतेल बंद झालं ना, पण वजन आणखी गेलं. मग जंताच्या गोळ्या झाल्या. मग कोणी म्हणालं टीबी, जळगावला छातीचा फोटो काढला, छाती स्वच्छ. एकीनं लिंबू उतरवून टाकायला सांगितलं, तेही टाकलं, मी काही म्हटलं नाही, लिंबानं नुकसान तर नाही. शेवटी माझी नणंद धुळ्याला दिली होती, तिनं कळवलं, इथं पोटाचे चांगले डॉक्टर आहेत, घेऊन या. तेव्हा आक्कांचं वजन भरलं छत्तीस किलो.

धुळ्याच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारी, साक्रीकडची असावी, माझ्याकडं बघून आक्कांना म्हणते, काय व माय, तुन्ही सून शे का ही? बठ्ठं तीच बोलस, तू काबर बोलत नही? आक्का म्हणाल्या, तिले बोलायचा कागद हाये. इतक्या आजारात सुद्धा टोमणा सुटला नाही, मला बरंच वाटलं, म्हटलं जीव आहे अजून.

डॉक्टरांनी पोटाचा एक्सरे काढला आणि उजेडावर धरला. मणक्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके, ज्वारीच्या कण्या सांडाव्यात तसे. म्हणाले, हे स्वादुपिंडात खडे झालेत. आधी त्यांनी विचारलं, दारू घेतात का? नाना उभेच राहिले. डॉक्टरसाहेब, ही लसणाची फोडणी बसली तर नाकाला पदर लावते, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, रागावू नका, विचारावं लागतं, आपल्याकडं न पिणाऱ्यांनाही हा आजार होतो. मग त्यांनी समजावलं. पोटात एक ग्रंथी आहे, तिचा रस अन्न फोडतो, विशेषतः तूपतेल, तो रस सुकलाय, म्हणून बाई खाते पण अंगाला काहीच लागत नाही.

खाते पण लागत नाही. तुम्हाला हे साधं वाक्य वाटेल. मी तिथंच तोंडाला पदर लावून रडले, कारण त्या वाक्यानं माझ्यावरचा आळ धुऊन गेला. नाना मात्र गोंधळलेले, रस कसला, फोडतो म्हणजे काय. मी म्हटलं, नाना, आपण वखारीत केळी भरतो, दार लिंपतो, धूर देतो, तेव्हा पिकतात ना? धूर दिलाच नाही तर? नाना म्हणाले, हिरवीच राहतील, सडतील पण पिकणार नाहीत. म्हटलं, तेच झालंय, माल रोज भरतोय, धूर संपलाय. डॉक्टर हसले, म्हणाले, ताई, हे मी आता दुसऱ्या पेशंटला सांगेन. मी त्यांना माझी पदवी सांगितली.

औषध होतं कॅप्सूलचं. त्यात तोच रस सुकवून दाण्यादाण्यांत भरलेला, जेवणाबरोबर पोटात जाऊन काम करणारा. डॉक्टरांनी बजावून सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. रिकाम्या पोटी घ्यायची नाही, पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जास्त जेवण असेल तर सांगितल्याप्रमाणे एक सुरुवातीला एक मध्ये. अख्खी गिळायची, चावायची नाही, कुटायची नाही, तोंडात धरायची नाही, गार पाण्यानं घ्यायची. गरम दुधात, गरम वरणात घालायची नाही, उष्णतेनं ती मरते. हे मला कॉलेजातच कळलं होतं, थुंकी आणि पिष्टाचा प्रयोग आम्ही केला होता, नळी तापवली की काही होतच नाही. आणि मनानं वाढवायची नाही, बरं वाटलं म्हणून बंदही करायची नाही. जोडीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या, अधूनमधून रक्तातली साखर बघायची, आणि रोज लिहून ठेवायचं, पोट कसं आहे.

आल्या आल्या पहिली चूक झाली. आक्कांनी आयुष्यात अख्खी गोळी गिळलेली नव्हती, त्या चघळायच्या. चार दिवसांत तोंडभर फोड, हिरड्या लाल. अन्न फोडणारं औषध ते, तोंडातलं मांस आणि अन्न यात त्याला काय फरक? मग मी त्यांना गिळायला शिकवलं. पिकल्या केळीचे मक्याच्या दाण्याएवढे तुकडे करायचे, न चावता एकेक गिळायचा, वर घोटभर पाणी. घरात केळीला काय तोटा. आठ दिवस आम्ही सासू-सुना ओसरीवर बसून केळ गिळत होतो, कौसल्याकाकू कुंपणावरून बघायच्या, म्हणाल्या, हे कोणतं नवीन व्रत? नवव्या दिवशी कॅप्सूल सरळ गेली. आक्का म्हणाल्या, गेली व! जसं काही एसटी पकडली.

आणि मग काय सांगू तुम्हाला. पंधरा दिवसांत सहाचं दोनावर आलं. रंग बदलला, तेल गेलं. दुखणं पूर्ण नाही गेलं पण उशीची गरज कमी झाली. दोन महिन्यांनी मी चोळीची एक शिवण उसवली, बाहेरच्या बाजूला. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर मी रोज पेन्सिलीनं खूण करायचे, पोट चांगलं असलं तर टिंब, बिघडलं तर फुली. त्या दोन महिन्यांची पानं नुसती टिंबांनी भरलेली.

आता माझी चूक सांगते. चूक म्हणू की नको, अजून मला ठरवता येत नाही. ते औषध डुकराच्या ग्रंथीपासून करतात. डॉक्टरांनी मला आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, माळकरी बाई आहेत, तुम्ही ठरवा, याला दुसरा पर्याय माझ्याकडं नाही. हे म्हणाले, बोलायचंच नाही. मी गप्प बसले. पण एक दिवस आक्कांनीच विचारलं, बाटली नाकाशी नेली आणि म्हणाल्या, शोभा, हिचा वास कसा हाये, हे बनते कशाचं? सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, त्याचाही मला गर्वच आहे म्हणा. मी सांगितलं. आक्कांनी बाटली हातात फिरवली. मग ताट पुढं ओढलं, घास घेतला आणि कॅप्सूल गिळली. मला म्हणाल्या, बाटली चुलीजवळच्या फळीवर नको, मधल्या खोलीत ठेव. झालं. मला वाटलं, बघा, खरं सांगितलं तर माणसं समजून घेतात. ह्यांना म्हटलं, तुम्ही उगाच घाबरत होता.

त्यानंतर फुल्या परत आल्या. महिन्यात तीन, मग चार. श्रावणात तर विचारू नका. वजन थांबलं आणि खाली सरकायला लागलं. बाटलीतल्या कॅप्सूल मी मोजायचे, बरोबर तेवढ्या कमी व्हायच्या. गरमीनं खराब होत असतील म्हणून बाटली कोरड्या डब्यात घालून सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवली. फरक नाही. तूप आणखी कमी केलं. फरक नाही. एकच गोष्ट मी निश्चिंत सोडली होती, उपासाचे दिवस. उलट मीच म्हणायचे, आक्का, उपास आहे ना, बरं झालं, पोटाला आराम. काकूंचं पुन्हा सुरू झालं, दवाखान्याचं औषध आहे की सुनेच्या हातचं? ह्यांना म्हटलं, या वेळी माझे वडील आले तर मी काय सांगू?

भादव्याचा शेवट होता. भाचीच्या बारशाची तारीख बघायची म्हणून कॅलेंडरची मागची पानं उलटत होते. तुम्हाला माहीत आहे, कॅलेंडरवर एकादशी, चतुर्थी छापलेली असते. मी पान उलटते आणि बघते, एकादशी, दुसऱ्या दिवशी फुली. चतुर्थी, दुसऱ्या दिवशी फुली. श्रावणातले सोमवार, चारी मंगळवारी फुल्या. सहा महिन्यांची पानं मी खाली काढून जमिनीवर पसरली, सगळीकडं तेच. मी दिवस मोजले, पितृपक्ष लागला होता, तो संपला की घट बसणार, नऊ दिवस उपासाचे.

तीन दिवसांनी एकादशी होती. आक्का फराळाला बसल्या. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, तळलेले केळ्याचे वेफर्स. आता बघा, रोजच्या वरणभातात नाही इतकं तेल त्या एका ताटात, आणि मी त्याला आराम म्हणत होते! आक्कांनी बाटलीतून कॅप्सूल काढली, हातात घेतली, पाणी प्यायल्या, आणि मूठ मिटलेलीच राहिली. मी भिंतीआडून बघत होते. फराळ झाल्यावर उठल्या, ज्वारीच्या कोठीमागं हात घातला. मी मागून गेले. दंतमंजनाचा रिकामा डबा होता. आत पंचवीस-तीस कॅप्सूल, गरमीनं एकमेकींना चिकटलेल्या.

मी ओरडणारच होते, आक्कांनी आधीच तोंड उघडलं. म्हणाल्या, बोलू नको. रोजच्या दिवशी घेतो मी, मन मारून घेतो, तुमच्यासाठी घेतो. पण देवाच्या दिवशी जिवाचं पोटात नाही घालणार मी. मी म्हटलं, मग टाकून का नाही दिल्या? लपवून कशाला ठेवल्या? आक्कांनी डब्याचं झाकण लावलं. मग हळू म्हणाल्या, कोणाच्या तरी जिवाचं हाये ते व. उकिरड्यावर कसं फेकू? तापीत सोडणार होतो.

मी खाली बसले. माझ्याजवळ रागवायला खूप होतं, शास्त्रही होतं, पण ते बाजूला ठेवलं. मी फक्त पानं आणून त्यांच्यापुढं पसरली. अक्षर त्यांना येत नव्हतं पण एकादशी कुठं छापलेली असते ते बरोबर कळायचं, चाळीस वर्षं बघत होत्या. मी बोट ठेवत गेले, ही एकादशी, ही फुली. त्या मान हलवत गेल्या. शेवटी म्हणाल्या, म्हणजे मी उपास करू करू खंगून राह्यली? मी म्हटलं, उपासानं नाही आक्का, उपासाच्या शेंगदाण्यानं. पोटात काही गेलं की औषध लागणार, ते जेवण असो नाहीतर फराळ.

दुसऱ्याच दिवशी धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत, त्याचं मला फार बरं वाटलं. म्हणाले, आजी, नऊ दिवस उपास मी करू देणार नाही, अंगात काही शिल्लक नाही, साखरही काठावर आहे. जेवायचं, आणि जेवताना औषध. एवढंच. परतीच्या गाडीत आक्कांनी खिडकी धरली. जळगाव गेलं, भुसावळ गेलं, खिडकीतून केळीचे मळे बघत बसल्या. मला वाटलं, ही बाई आता औषधच सोडणार.

घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला देवघरासमोर बोलावलं. घटाचं मडकं, परडी, धान्य, सगळं काढून ठेवलेलं. म्हणाल्या, हे घे. माह्या सासूनं माह्या हातात दिलं होतं, ती अंथरुणाला खिळली तेव्हा. मी ठरवलं होतं, आपण मरेपर्यंत नाही द्यायचं. आता तू घे. यंदा घट तुह्या हातचा आणि उपास तुह्या पोटचा. मी जेवीन, औषध घेईन, तू उपाशी राह्य. घराचा उपास मोडायला नको.

मी आयुष्यात एक दिवस उपास केला नव्हता. म्हटलं, आक्का, नऊ दिवस? त्या म्हणाल्या, आणि एकादशी, आणि चतुर्थी. सोमवार तेवढे सोडतो. बीएस्सी झाली ना? मंग इतकं नाही झेपत?

त्या नऊ दिवसांचं काय सांगू. तिसऱ्या दिवशी माझं डोकं असं दुखायचं की वाती वळताना कापूस दोन-दोन दिसायचा. आणि आक्का माझ्यासमोर पाट मांडून बसायच्या, ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी. पहिला घास घ्यायच्या, मग कॅप्सूल कपाळाला लावायच्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या आणि गार पाण्यानं गिळायच्या. एकदा मी विचारलं, काय म्हणता? म्हणाल्या, ज्याचं हाये त्याले म्हणतो, बापा, तुह्यं माह्यावर राह्यलं. जुन्या डब्यातल्या कॅप्सूल मी वापरू दिल्या नाहीत, खराब झालेलं औषध ते. नानांनी मळ्याच्या कडेला खड्डा केला आणि आक्कांनी त्या आपल्या हातानं पुरल्या, वर हळदकुंकू वाहिलं.

पाचव्या माळेला कौसल्याकाकू कुंकवाला आल्या. बघतात तर आक्का जेवताहेत आणि मी भिंतीला टेकून बसलेली, तोंड सुकलेलं. काकूंनी हनुवटीवर बोट ठेवलं, म्हणाल्या, हे काय बाई, नवरात्रात सासू जेवते आणि सून उपाशी? आक्कांनी घास संपवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, मंग जा ना, सांग गावात. आजपर्यंत उलटं सांगितलं, आता हे सांग. मी इतकी हसले की चक्कर आली. त्या नवरात्रात कॅलेंडरवर एकही फुली नव्हती. दसऱ्याला माझे वडील आले, आक्कांनी त्यांना समोर बसवून जेवायला घातलं आणि म्हणाल्या, व्याही, तुमची पोरगी मले उपाशी ठेवत नाही, मीच ठेवतो तिले.

आता दहा वर्षं होत आली त्याला. गावात एसटीडी फोनचा पिवळा डबा आला, घरात संडास झाला, वखारीत धुराऐवजी दुसरं काय काय आलं. आक्का एक्कावन्न किलोच्या आहेत. आजार गेलेला नाही, तो जात नाही, सांगितलंय आम्हाला, साखर वाढली म्हणून तिच्याही गोळ्या लागल्या, कधी कळ येते, मग धुळ्याची गाडी धरतो. पण खाल्लेलं अंगाला लागतं. मागल्या महिन्यात रावेरकडून एका बाईला तिची माणसं घेऊन आली, तसंच दुखणं, तीच कॅप्सूल. तिला माझ्याकडं आणलं होतं, मी शिकलेली म्हणून, पण मला बोलू देतील तर आक्का कसल्या. म्हणाल्या, बस व इथं. घासासंगं घे, चावू नको, तोंडात धरू नको, गरमात टाकू नको, मनानं कमीजास्त करू नको, डॉक्टरले विचार. फराळ केला तरी घे. आणि लपवू नको काही, सुना शोधून काढतात.

माझा पदवीचा कागद आता देवघराच्या वरच्या भिंतीवर आहे. मी नाही लावला. एका पाडव्याला रंग दिला तेव्हा आक्कांनीच ह्यांना खिळा मारायला सांगितलं.

उद्या एकादशी आहे. मी भगर निवडून ठेवलीय. मला अजून उपास आवडत नाही, खरं तेच सांगते, दुपारी बारानंतर माझा जीव नुसता वरणभातात असतो. पण आतून बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज येतो, मग पाण्याचा तांब्या, मग आक्का हाक मारतात, शोभा, मी जेवून राह्यली व. मी म्हणते, जेवा आक्का, सावकाश जेवा.